कढई उतरवलेले दिवस

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी कढई चढली की ते खालच्या जिन्यातच कळायचं. तापलेल्या करडईच्या तेलाला एक कोरडा, जरासा कडवट वास असतो. तो दुसऱ्या मजल्यावरून उतरत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचा आणि दुकानदार आल्यागेल्याला सांगायचा, काकूंची ऑर्डर सुरू आहे. आई लग्नसराईत रुखवतासाठी चकल्या, कडबोळी आणि शंकरपाळी करून द्यायची. दुपारभर सोऱ्याची करकर, झारा कढईच्या काठावर आपटल्याचा आवाज, आणि मधूनच बाबांचं खोकणं. बाबा कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांनी पूजा सांगितल्या किंवा दप्तरं सांभाळली. मुलगी मेकॅनिकलला गेली आणि कपड्यांना ग्रीसचे डाग लावून घरी येऊ लागली, याचं त्यांना कौतुक होतं की काळजी, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. आईचे मात्र नियम ठरलेले होते. तेल करडईचंच. एकदा तळलेल्या तेलात दुसऱ्यांदा गोड तळायचं नाही. आणि तिसऱ्यांदा वापरलेलं तेल पोटात जाऊ द्यायचं नाही. ते ती बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मी मागेपर्यंत तो डबा भांडीवालीला जायचा, ती त्यात काजळी कालवून दाराच्या बिजागऱ्यांना लावायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तो डबा मला मिळाला.

आमचा प्रकल्प कागदावर सोपा होता. वापरलेलं तेल घ्यायचं, गाळायचं, तापवून त्यातलं पाणी घालवायचं, मग मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याबरोबर ढवळून रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी तळाशी काकवीसारखं ग्लिसरीन बसतं आणि वर मधाच्या रंगाचं पातळ इंधन राहतं. ते धुवायचं, कोरडं करायचं, डिझेलमध्ये मिसळायचं आणि इंजिनावर चालवून पाहायचं. आधी थोडं, मग जास्त, शेवटी अर्धंअर्धं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका सिलिंडरचं इंजिन होतं. त्याच्या चाकाला दोर गुंडाळून वजनं लावली की त्याची ताकद मोजता यायची, आणि काचेच्या नळीतून उतरणाऱ्या इंधनाकडे स्टॉपवॉच घेऊन बघत बसलं की भूक. आईच्या तेलावर ते चाललं त्या दिवशी धुराड्यातून चकलीचा वास आला. शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं कुणी जेवणाचा डबा उघडलाय का म्हणून बघायला आली होती.

माझा जोडीदार सोपान. पिशोरचा. घरात मेंढरं, शाळेनंतर कॉलेजपर्यंत आलेला त्या घरातला तो पहिला. वर्गात तो पुस्तकी मराठी बोलायचा, अगदी जपून, आणि गावच्या गाडीत पाय ठेवला की पाचव्या मिनिटाला त्याचं लई आणि नाय सुरू व्हायचं. आमचे मार्गदर्शक खान सर. त्यांच्या टेबलावर चहाचा कप आणि इंजिनात इंधन फवारणारा जुना नॉझल कायम शेजारी शेजारी असायचे. ते आम्हाला एकच गोष्ट बजावायचे. "तेल बदला तो सब बदला, बेटा. पहिल्यापासून चालू करायचं. इंजिन को धोका नक्को देना."

प्रयोगशाळेतलं इंजिन आम्हाला दुपारचे थोडे तास मिळायचं, आणि आम्हाला हवी होती लांब चाल: रोज, आठवडेच्या आठवडे, खऱ्या कामाला जुंपलेलं इंजिन. ते सोपानच्या थोरल्या बहिणीकडे होतं.

कौसाअक्काचं लग्न गावातच झालेलं. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठच्या शिवारांकडे जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. दरवर्षी अक्काही मागून जायची, डोक्यावर संसार, काखेत पोर. त्या वर्षी ती गेली नव्हती. कुठल्याशा बंद पडलेल्या पोल्ट्रीतलं अंडी उबवायचं लाकडी मशीन तिनं मिळवलं होतं. कपाटाएवढं, पुढं काच, आत बल्ब आणि पंखा. वीज असली की ते विजेवर चालायचं आणि गेली की अंगणातल्या पडवीत ठेवलेल्या इंजिन-डायनामोवर. नवरा निघताना सगळ्यांदेखत बोलून गेला होता की पिल्लं निघाली तर ऱ्हा, नाय तर पोरीला घिऊन मेंढरामागं ये. पोरगी, रुक्मी, नुकतीच गावच्या शाळेत जायला लागली होती. आईबरोबर तीही गेली असती आणि शाळा तिथंच संपली असती. अक्कानं हे मला कधी रडून सांगितलं नाही. भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, एवढंच.

कार्तिकात आम्ही दर आठवड्याला कॅन घेऊन पिशोरला जात होतो. मशीन रिकामं चालवून पाहिलं, इंजिन उत्तम चाललं. करडईच्या इंधनावर त्याचा आवाजसुद्धा मऊ व्हायचा. मग अक्कानं गावातून निवडून निवडून गावरान अंडी गोळा केली, मशीनमध्ये लावली आणि दाराला हळदकुंकू वाहिलं. तिला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून थर्मामीटरच्या काचेवर जिथं पारा राहायला हवा तिथं तिनं कुंकवाची रेघ ओढून घेतली होती. पारा रेघेशी आहे ना, हे ती येता-जाता पाहायची, चुलीवरचं दूध पाहावं तसं.

आणि पैठणला बाबांचे चुलतकाका गेले.

ज्यांच्या घरी हे पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सुतकात घरात तळण करायचं नाही. देवपूजा करायची नाही, लग्नाकार्याला जायचं नाही, आणि कढई चुलीवर चढायची नाही. बाबांना यातलं फारसं काही वाटत नव्हतं, पण कढई आईच्या हद्दीतली वस्तू होती. निरोप आला त्या दुपारी चकलीचं पीठ परातीत मळून तयार होतं. आईनं ते झाकलं आणि कामवालीच्या घरी पाठवून दिलं. रुखवताची ऑर्डर असणाऱ्या बाईंना फोन करून दुसरीचा पत्ता सांगितला, कढई घासून पुसून माळ्यावर पालथी ठेवली. मी दारात उभी होते, हातात रिकामा पत्र्याचा डबा.

"आता दहा दिवस काही मागू नकोस," आई म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडेही जाऊ नकोस. त्यांनाही आहे."

तेच अवघड होतं. आमच्याकडे तेल यायचं ते आईकडून आणि तिच्या ओळखीच्या तीन घरांतून, आणि ती तिन्ही घरं भाऊबंदांची होती. एकाला सुतक म्हणजे सगळ्यांना. एवढा मोठा तेलाचा पुरवठा एका मृत्यूनं एका दुपारी बंद होऊ शकतो, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पिशोरला मशीन भरलेलं होतं, अक्काच्या टाकीत तळ दिसायला लागला होता, आणि आठवड्याच्या शेवटी कॅन आणतो असं सोपान सांगून आला होता.

आम्ही क्रांती चौकात गेलो. तिथं संध्याकाळी भज्यांच्या गाड्या लागायच्या. एका गाडीवाल्यानं वापरलेलं तेल द्यायला आनंदानं होकार दिला, फक्त एवढं विचारलं की पोरगी एवढ्या तेलाचं करणार काय. सोपान म्हणाला, इंजिनात घालणार. गाडीवाला म्हणाला, माझ्या भज्यांवर माणसं चालतात, इंजिन का नाही चालणार. तेल पामचं होतं. आम्हाला ते माहीत होतं, आम्ही ते लपवलं नाही. खान सरांच्या शिस्तीप्रमाणे आम्ही सगळं पहिल्यापासून केलं: गाळणं, आम्ल तपासणं, नवी मोजमापं. प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली दुपारच्या उन्हात इंजिन त्या अर्ध्याअर्ध्या मिश्रणावर इतकं बिनतक्रार चाललं की सरांनीही मान हलवली. रात्री कॅन स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. गॅलरीत पैठणहून आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या घातल्या होत्या. गॅलरीत ठेवला असता तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. ओट्याखाली बंबाची ऊब होती आणि सकाळी इंधन पहिल्यासारखंच मधाच्या रंगाचं, स्वच्छ दिसत होतं.

पिशोरच्या गाडीत कंडक्टरनं कॅनकडे बघून आत काय म्हणून विचारलं. सोपाननं तेल म्हणून सांगितलं. खायचं का, असं त्यानं विचारलं तेव्हा सोपान म्हणाला, खाऊन झालेलं. कंडक्टर हसला आणि कॅन मागच्या सीटखाली ढकलायला सांगितलं. आम्हीही हसत होतो.

संध्याकाळी पोचलो, टाकी रिकामी करून नवं इंधन भरलं, थोडा वेळ चालवून पाहिलं. सगळं ठीक. अक्कानं बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरी मागं राहिलेल्या एका मेंढीच्या दुधाचा चहा दिला. त्या चहाची चव मला अजून सांगता येत नाही, जड, जरा खारट, पोटात जाऊन बसणारी. रात्री वीज होती. इंजिन पडवीत थंड पडून राहिलं, आणि बाहेर कन्नडच्या डोंगरांकडून वारा सुटला. मी दोन घोंगड्यांखाली झोपले तरी पाय गार होते. थंडीचा विचार मी केला तो फक्त पायांपुरता.

पहाटे अक्कानं मला हलवलं. "पोरी, लाईट गेली. ऊठ."

सोपान आधीच पडवीत होता. इंजिन हँडलच्या पहिल्या फिरकीला सुरू झालं आणि मशीनच्या काचेमागं बल्ब पेटले. मी परत घोंगडीत शिरण्याच्या बेतात होते. मग इंजिनाचा ताल सैल झाला. ठोक्यांमध्ये अंतर पडायला लागलं, धाप लागलेल्या माणसासारखं ते दोनदा जोरात हुंकारलं आणि थांबलं. बल्ब गेले. त्या शांततेत दूर कुठंतरी कोंबडा आरवला, आणि मला तो आवडला नाही.

"हवा घेतली असंल," सोपान म्हणाला. आम्ही टॉर्च धरून पंपाचा बोल्ट सैल केला. नळीत हवा शिरली असेल तर तिथून आधी बुडबुडे येतात, मग इंधन येतं. तिथून काहीच आलं नाही. ना बुडबुडा, ना थेंब. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. वेळ जात होता आणि आम्ही चुकीच्या ठिकाणी पाने फिरवत होतो. शेवटी सोपाननं फिल्टरची वाटी उघडली आणि टॉर्च जवळ नेली. आत पांढरट, रवाळ, वनस्पती तुपासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. मी टाकीत बोट घातलं. बोटाला लोणी लागावं तसं लागलं.

करडईचं तेल आपल्याकडच्या कितीही थंडीत वाहतं राहतं. पामचं थिजतं. हे मला माहीत होतं, कुठल्याशा धड्यात वाचलेलं. डिसेंबरातली डोंगराकडची पहाट त्या धड्याला जोडायचं मात्र आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं, कारण उस्मानपुऱ्यात आमचं सगळं तेल करडईचं होतं, आणि ते का करडईचं आहे हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

आत अक्का काचेसमोर उकिडवी बसली होती. पारा कुंकवाच्या रेघेखाली उतरला होता. फार नाही, पण उतरत होता, आणि ती त्याच्यावरून नजर काढत नव्हती. मी दारात जाऊन उभी राहिले. तिनं वळून न बघताच विचारलं, "मशीन बिघडलं का तेल?"

"तेल, अक्का. आमचं तेल थिजलंय."

ती उठली, रुक्मीच्या अंगावरची घोंगडी ओढली, मग माझ्या अंथरुणावरच्या दोन, आणि मशीनला वरून खालपर्यंत गुंडाळलं. सगळ्यात जाड घोंगडी, तिच्या लग्नातली, पेटीतून काढून काचेवर लावली. रुक्मी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसली होती, झोपेतून उठलेली, न रडता. काच झाकल्यावर रेघही दिसेना आणि पाराही. मग अक्का माझ्याकडे वळली.

"मंग आता तेलाचं काय करायचं ते सांग."

मला याद्या करायची सवय आहे, आजही घरातले हसतात. त्या पहाटे ती सवय कामाला आली. चूल पेटवायची. मोठ्या पातेल्यात पाणी. टाकी उतरवून पातेल्यात बसवायची. फिल्टरची जाळी सोडवून डब्यात, डबा गरम पाण्यात. जाळीला पाणी लागता कामा नये. नळीभोवती गरम फडकी. सोपाननं सायकल काढली आणि स्टँडजवळच्या ट्रॅक्टरवाल्याकडे साधं डिझेल मागायला गेला. आम्ही दोघी राहिलो. अक्का चुलीत काटक्या सारत होती आणि मी टाकीत लाकडी पळी फिरवत होते. पहिल्यांदा काही झालं नाही. मग कडेला पारदर्शक रेषा दिसली, ती रुंद झाली, आणि पांढरं हळूहळू मधाच्या रंगात विरायला लागलं. धूर डोळ्यांत जात होता. अक्कानं फक्त एकदा बोलून दाखवलं, तेही मला की स्वतःला ते कळलं नाही: "आतली जित्ती असतीन का रं देवा."

मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. कोंबडीखालची अंडी तिनं जन्मभर पाहिली होती, मशीनमधली पहिल्यांदाच. सगळं जोडून झालं तेव्हा फडकी पुन्हा गार व्हायला लागली होती. हँडल मला एकटीला फिरेना. अक्कानं पदर खोचला, माझ्या हातांवर हात ठेवले, आणि आम्ही दोघींनी मिळून फिरवलं. इंजिन पेटलं, चार ठोके दिले, विझलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुन्हा हात ठेवले. दुसऱ्यांदा ते पेटलं आणि धडपडत, खोकत राहिलं, मग ताल धरला. सोपान डिझेलचा डबा घेऊन परतला तेव्हा तो कुंपणाशीच थांबला, आवाज ऐकत. सूर्य वर येईपर्यंत मी टाकीखाली गरम पाणी बदलत होते आणि अक्का घोंगडीचा कोपरा उचलून पाहत होती. पारा रेघेला लागला तेव्हा तिनं कोपरा खाली सोडला आणि रुक्मीला शाळेसाठी उठवलं. ती उठलेलीच होती.

ते अर्धंअर्धं मिश्रण आम्ही तिथंच ओतून टाकलं आणि टाकी साध्या डिझेलनं भरली. पिल्लं निघायला अजून आठवडा होता. सोपान म्हणाला, एक अंडं दिव्यासमोर धरून बघू. अक्कानं मशीनच्या दाराला हात लावू दिला नाही. जे आहे ते आहे, उघडून त्यांना अजून गार करायचं नाय, एवढं म्हणाली. मी शहरात परतले. खान सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चहा बाजूला सारला आणि नॉझल हातात घेतला. मग म्हणाले, "हम तीनों ने दोपहर में देखा. सुबह किसी ने नै देखा." ते 'हम' म्हणाले, हे मी विसरले नाही. अहवालात ते पान घालायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेच पान घालायचं.

तो आठवडा घर फार शांत होतं. ना सोरा, ना झारा. आई भाजी-पोळी करायची, आणि वाफेशिवाय स्वयंपाकघरात वास नसायचा. मी कॉलेजहून आले की ती मला विचारायची नाही, पण फोनच्या जवळ पुस्तक घेऊन बसले की तिथला दिवा लावून जायची. सुतक फिटलं त्या सकाळी आई न्हाऊन आली, देवापुढं निरांजन लावलं आणि कढई माळ्यावरून काढली. पहिल्या पुऱ्या तळत असताना फोन वाजला.

पिशोरच्या एसटीडी बूथवरून सोपान. तो हॅलो म्हणाला नाही. रिसीव्हर कशाजवळ तरी धरला असावा, कारण आधी खरखर आली, मग बारीक, चिरका, भांडल्यासारखा आवाज, एक नव्हे, पुष्कळ. टोपलीत घालून त्यानं काही बूथवर आणली होती. आई झारा हातात घेऊन दारात आली. मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली आणि कढईतली पुरी जास्त लाल झाली.

मग अक्काचा आवाज आला, फोनवर बोलायची सवय नसलेल्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा. थोडी अंडी तशीच राहिली, म्हणाली, पण लई निघाली. "आणि ह्यांना निरोप धाडला. म्या नाय येत म्हणून." मी रुक्मीचं विचारलं. शाळेत गेली, म्हणाली. मग मला माफी मागायची होती ती मी मागायला लागले, तर तिनं मधेच तोडलं.

"ते ऱ्हाऊ दे. तुह्यं तेल पुन्हा आण. पण आधी बाटलीत. रातभर माह्या वट्यावर ठेवायचं, सकाळी म्या बघीन, मंग इंजिनात."

आज माझ्या टेबलाखाली तेलाच्या नमुन्यांसाठी छोटा फ्रीज आहे. त्यावर आकडे आहेत आणि तो अक्काच्या वट्याचं काम करतो. पण ती चाचणी मी शिकले ती त्या हिवाळ्यात, शेणानं सारवलेल्या वट्यावर ओळीनं मांडलेल्या बाटल्यांवर. करडई, पाम, शेंगदाणा, दोघांचं मिश्रण, तिघांचं मिश्रण, आईच्या कढईतलं, क्रांती चौकातल्या गाडीवरचं. मी कुडकुडत वही घेऊन उभी राहायचे. पायांशी पिल्लं फिरत असायची. अक्का एकेक बाटली उचलून उन्हाकडे तिरपी करायची, आतलं कसं सरकतंय ते बघायची आणि खाली ठेवायची.

"ही नाय," म्हणायची. "ही नाय. ही व्हय."